हब दुरुस्त करायचा की बदलायचा, हे वाटी ठरवते

प्रश्न असा आहे: सात गिअरची, पाच वर्षं वापरलेली सायकल, रोजचं जाणं-येणं मिळून वीसेक किलोमीटर. यंदाचा पावसाळा संपल्यापासून मागच्या चाकातून करकर ऐकू येते, आणि रिम धरून हलवली तर चाक डुगडुगतं. एका दुकानात सांगितलं, "हब गेलाय, अख्खं चाक बदला, २,८०० रुपये होतील." दुसऱ्या दुकानात सांगितलं, "छर्रे टाकून देतो, ३०० द्या." आता कुणाचं ऐकायचं?

मी सायकलदुरुस्तीचंच काम करतो. गणपती उठले की असली चाकं दुकानात यायला लागतात, त्यामुळे तुमची अडचण माझ्या चांगली ओळखीची आहे. पण आधी मला सांगा, या दोघांपैकी कुणी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून आत बघितलं का? तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. न उघडता दिलेले दोन्ही सल्ले म्हणजे नुसते अंदाज. त्यातला एखादा बरोबरही निघेल, पण कोणता ते आज तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही आणि ते दोघेही नाहीत.

"हब गेला" असं आपण सर्रास म्हणतो, पण हब ही काही एकसंध वस्तू नाही. मधोमध एक्सल, म्हणजे चाकाचा आस. एक्सलवर दोन्ही बाजूंना आट्यांवर फिरवून बसवलेले दोन कोन, म्हणजे निमुळत्या तोंडाचे नट, आणि कोन जागचे हलू नयेत म्हणून त्यांच्यामागे चेकनट. बाहेरचं नळकांडं म्हणजे हबचं शरीर. त्याच्या दोन्ही तोंडांशी आतून कडक पोलादाच्या वाट्या. वाटी आणि कोन यांच्या मधल्या खोबणीत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, फिरतात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत मागे पाव इंची छर्रे एका बाजूला नऊ, पुढे तीन-सोळांश इंची एका बाजूला दहा. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना ज्या भोकं पाडलेल्या कडा असतात, त्यांत स्पोक अडकतात. त्यांना फ्लँज म्हणतात.

यातले छर्रे, कोन, एक्सल, चेकनट आणि फ्रीव्हील (पायडल थांबवल्यावर चाक मोकळं फिरू देणारा मागच्या दात्यांचा भाग) पान्यानं सुटतात आणि बाजारात वेगळे मिळतात. वाट्या आणि फ्लँज मात्र हबच्या शरीराचा भाग आहेत. काही हबांच्या वाट्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या ठोकून काढताही येतात. पण नेमक्या त्या मापाची नवी वाटी सुटी मिळणं जवळपास अशक्यच. म्हणून माझ्या कामात निर्णय एका ठिकाणी येऊन थांबतो. वाटी आणि फ्लँज धड असतील तर हब दुरुस्त करायचा. त्यातलं एक जरी गेलं असेल तर हब बदलायचा विचार सुरू करायचा. आवाज किती मोठा येतो, चाक किती डुगडुगतं, सायकल किती जुनी आहे, यावरून यातलं काहीच कळत नाही. भयंकर करकरणारा हब दोन कोनांत नव्यासारखा झालेला मी नेहमी बघतो, आणि जवळजवळ आवाज न करणाऱ्या हबच्या फ्लँजला तडा सापडतो.

आनंदाची गोष्ट अशी की बहुतेक वेळा आधी कोन मरतो, वाटी नंतर. त्याला कारण आहे. सायकल चालताना वाटी चाकाबरोबर गोल फिरते, म्हणून वजनाचा दाब तिच्या सगळ्या घेरावर वाटला जातो. कोन मात्र एक्सलबरोबर जागच्या जागी असतो. तुमचं वजन, खड्ड्यांचे दणके, सगळं त्याच्या खालच्या बाजूच्या त्याच एका पट्ट्यावर वर्षानुवर्षं पडत राहतं. ग्रीस वाळलं किंवा पाणी शिरलं की तो पट्टा आधी काळवंडतो, मग खरबरीत होतो, मग त्याचे बारीक टवके निघतात. त्या टवक्यांची भुकटी छर्‍यांखाली दळली जाते आणि मग वाटीची पाळी येते. म्हणजे कोन खराब झाल्यापासून वाटी खराब होईपर्यंत मध्ये काही काळ मिळतो. त्या काळात हब उघडला तर थोडक्यात भागतं. "आवाज येतोय, येऊ दे, चालतीये ना" म्हणत पुढचे सहा महिने रेटले की तो काळ हातचा जातो. तुमची करकर पावसाळ्यानंतर सुरू झाली असेल, तर तुम्ही बहुधा अजून त्या मधल्या काळातच आहात, म्हणून हे लांबवू नका.

उघडण्याआधी बिघाड हबचाच आहे याची खात्री करा, कारण तीन-चार वेगळ्या गोष्टी हबच्या नावावर खपतात. मागचं चाक जमिनीवरून उचला, रिम ब्रेकजवळ धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खट्-खट् लागलं तर एक्सलच्या बाजूचं काहीतरी ढिलं आहे. नुसता चेकनट सुटून कोन मागे सरकला असेल, तर तो जागेवर आणून घट्ट केला की डुगडुग थांबते. पण हब तसाच ढिला किती दिवस चालवला त्यावर आतलं नुकसान अवलंबून, म्हणून तरीही एकदा उघडावं. पायडल थांबवल्यावर दात्यांचा संच किंचित लचकताना दिसला तर घाबरू नका, फ्रीव्हीलमध्ये तेवढं चालतं. पायडल मारताना मधूनच पाय रिकामा जात असेल, तर ती फ्रीव्हीलच्या आतल्या कुत्र्यांची, म्हणजे पकड घेणाऱ्या खिट्ट्यांची, गडबड आहे. त्यासाठी हब बदलायची अजिबात गरज नाही, फ्रीव्हील बदललं की झालं. आणि आवाज फक्त उभं राहून जोर लावताना येत असेल तर स्पोक एकमेकांवर घासतायत का तेही बघा. दोन-दोन स्पोक मुठीत दाबून बघितले की ढिला कुठला ते हाताला कळतं.

तुटलेला एक्सल हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. सात गिअरच्या बऱ्याच सायकलींत दात्यांचा संच फ्रीव्हीलवर असतो, आणि हे फ्रीव्हील हबच्या उजव्या तोंडावर आट्यांनी बसतं. उजव्या बाजूचे छर्रे त्याच्या आतल्या अंगाला राहतात. म्हणजे छर्‍यांपासून फ्रेमच्या चिमट्यापर्यंतचा (जिथे चाक अडकतं तिथपर्यंतचा) एक्सलचा चांगला लांब तुकडा कशाच्याही आधाराविना असतो. दाते जितके जास्त तितका तो तुकडा लांब. खड्ड्यात चाक आपटलं की तिथेच एक्सल वाकतो आणि एक दिवस तुटतो. नटाच्या सायकलीत तो तुटला की चाक तिरकं होऊन लगेच कळतं. पण क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, लिव्हरनं चाक सुटणाऱ्या) सायकलीत एक्सलच्या मधून गेलेला बारीक दांडा दोन्ही तुकडे एकमेकांना दाबून धरतो आणि सायकल चालत राहते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, "गिअर नीट पडत नाहीत, चाक ब्रेकला घासतं." दांडा ओढून काढला की एक्सलचे दोन तुकडे दोन बाजूंनी हातात येतात, आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून तपकिरी, अर्धा चकचकीत. तपकिरी भाग म्हणजे तडा कित्येक दिवस आधी पडलेला होता. असा हब दिसायला मेलेला दिसतो, पण बऱ्याचदा त्याला नुसता नवा एक्सल लागतो. जड वजनाच्या माणसाला मी इथे क्रोमॉलीचा, म्हणजे जास्त ताकदीच्या मिश्र पोलादाचा, एक्सल घ्यायला सांगतो, तो साध्यापेक्षा महाग असला तरी.

दात्यांच्या संचाचा दुसरा प्रकार म्हणजे कॅसेट; त्यात चाक मोकळं फिरू देणारी यंत्रणा हबमध्येच असते आणि दाते तिच्यावर सरकवून बसवतात. कॅसेट आणि फ्रीव्हील यांतला फरक घरीच ओळखता येतो. चाक काढा, दाते उलटे फिरवा आणि सगळ्यात लहान दात्याच्या मधल्या रिंगकडे बघा. रिंगचे खाचे दात्यांबरोबर फिरले तर कॅसेट, जागीच राहिले तर फ्रीव्हील. शिमानोनं १९७८ मध्ये कॅसेटचा असा हब, म्हणजे फ्रीहब, आणला, त्यात उजवे छर्रे पार बाहेरच्या टोकाला गेले आणि एक्सलचा तो निराधार तुकडा उरलाच नाही. त्यामुळे कॅसेटच्या हबचा एक्सल क्वचितच तुटतो.

आता उघडणं. स्वतः करणार असाल तर १३ आणि १५ मिलिमीटरचे पातळ कोन-पाने लागतील. साधा जाड पाना कोनाच्या कडेवर बसत नाही. फ्रीव्हील काढायला त्याच्या खाच्यांत बसणारा त्याचा खास पाना हवा. दुकानात करून घेणार असाल तर समोर उभं राहून "उघडा, मला आत बघायचंय" एवढं सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणणार नाही. डावीकडचा चेकनट आणि कोन सोडला की एक्सल उजवीकडून बाहेर येतो. छर्रे मोजून एका झाकणात काढा. वाट्या आणि कोन रॉकेलनं किंवा डिझेलनं स्वच्छ धुवा, फडक्यानं पुसून कोरडे करा. धुतल्याशिवाय निर्णय घेऊ नका. काळ्या ग्रीसखाली सगळंच वाईट दिसतं आणि सगळंच चांगलंही दिसतं.

कोन उजेडात धरून हळूहळू फिरवा. छर्रे जिथून धावतात तिथे एक चकचकीत रेघ दिसेल. ती सलग आणि गुळगुळीत असेल तर कोन चांगला. रेघ एका बाजूला रुंद होऊन तिथे काळे ठिपके किंवा खळगे दिसत असतील तर कोन गेला. डोळ्यांवर विश्वास नसेल तर बॉलपेनचं टोक रेघेवरून फिरवा, कुठे अडतं का बघा. आता तेच वाटीत करा. वाटीत नुसती रेघ, किंचित मंद झालेली चमक, हलका काळपटपणा, हे सगळं चालतं. पेनाचं टोक सगळ्या घेरावरून न अडखळता फिरलं पाहिजे. एका-दोन ठिकाणी टोक खट्कन अडलं, म्हणजे टवका निघालाय. मग ती वाटी गेली. खळगा पॉलिश पेपरनं घासून जात नाही. वाटीचा वरचा थरच तेवढा कडक केलेला असतो. तो घासून काढला तर खालचा मऊ थर आणखी लवकर झिजतो.

त्याच वेळी फ्लँजही पुसून घ्या आणि प्रत्येक स्पोकच्या भोकापाशी बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये भोकापासून बाहेरच्या कडेकडे जाणारा केसाएवढा तडा असू शकतो. तो दिसला तर पुढे काही बोलायचं कारण नाही, हब बदला. वेल्डिंग करून देणारे भेटतील, करून घेऊ नका. त्या उष्णतेनं आजूबाजूच्या धातूची ताकद जाते, आणि फ्लँज फाटला की शेजारचे स्पोक एकदम ढिले पडून चाक वाकतं. चालत्या रस्त्यावर ते व्हावं असं मला कुणाच्याच बाबतीत वाटत नाही. बाकीच्या सगळ्या बाबतींत मी काटकसरीच्या बाजूनं आहे, इथे नाही.

वाट्या आणि फ्लँज चांगले निघाले तर दुरुस्ती करा आणि ती पुरती करा. तुमचा दुसरा दुकानदार "छर्रे टाकून देतो" म्हणाला, तिथे माझी हरकत एवढीच, की खळगे पडलेल्या कोनावर नवे छर्रे टाकले तर ते महिना-दोन महिन्यांत जुन्यासारखे होतात. कोन आणि छर्रे एकत्र बदलायचे. छर्रे सगळेच बदलायचे; जुन्यात दोन-चार नवे मिसळले तर मोठे असतील त्यांच्यावर सगळा भार येतो. नवा कोन घेताना जुना कोन आणि एक्सल बरोबर न्या. जुन्या देशी सायकलींत इंची आटे असतात, गिअरच्या सायकलींत बहुधा मिलिमीटरचे, आणि जवळपास सारखा दिसणारा कोन दोन फेरे बसून तिसऱ्याला अडकतो. तो बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. कोनाचा उतारही जुन्याशी जुळवून बघा. उतार वेगळा असेल तर छर्रे रेघेवर न चालता कडेवर चालतात. एक्सल काचेवर ठेवून लोटून बघा. लोटताना तो उड्या मारत असेल तर वाकलाय, बदला. वाकलेल्या एक्सलवर हब कधीच नीट बसत नाही. अर्ध्या फेरीत घट्ट, अर्ध्या फेरीत ढिला असा लागत राहतो, आणि कारागीर बिचारा कोन मागेपुढे करत बसतो.

ग्रीस मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते साधं लिथियमचं चांगलं चालतं. कंजूषी नको: वाटी भरून, छर्‍यांवरून बाहेर थोडं डोकावेल इतकं. जास्तीचं ग्रीस कोनाच्या तोंडाशी जमून पाणी अडवतं. नुसतं वरून तेल सोडायची सवय मात्र सोडा. पातळ तेल आतलं ग्रीस पातळ करून बाहेर घेऊन येतं, आणि चार दिवसांनी हब कोरडा.

मग येतं कोन बसवण्याचं नाजूक काम, आणि माझ्या मते हबचं आयुष्य पावसापेक्षा इथे जास्त ठरतं. डुगडुग जावी म्हणून कोन करकचून आवळण्याची पद्धत आहे. चाक अजिबात हलत नाही, गिऱ्हाईक खूश होतं, पण छर्रे वाटीत दाबले जातात आणि काही महिन्यांत टवके निघतात. एक्सल दोन बोटांनी फिरवला तर लोण्यासारखा फिरावा, कुठे दाणेदार लागू नये. नटाच्या सायकलीत चाक बसवल्यावर डुगडुग जवळजवळ शून्य हवी. क्विक रिलीजच्या सायकलीत हातात असताना अगदी किंचित डुगडुग मुद्दाम ठेवायची, कारण लिव्हर दाबला की एक्सल जरासा आवळला जातो आणि ती निघून जाते. हे जमायला दोन-तीनदा चेकनट सोडावा-आवळावा लागतो. जो कारागीर पहिल्याच झटक्यात आवळून चाक परत देतो, त्याला तिथेच थांबवा आणि एक्सल स्वतः फिरवून बघा.

वाटी खराब निघाली तर काय, हा खरा अवघड भाग, आणि इथे उत्तर तुमच्या वापरावर जातं. खराब वाटीत नवे कोन, नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस घातलं तरी सायकल चालते. गावात बाजारापर्यंत जाणारी, दूध घालणारी सायकल तशी बरेच दिवस चालते, आणि पैशाची ओढ असेल तर मीच तसं करून देतो, फक्त आतली परिस्थिती आधी सांगतो. ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ आहे. तुमचं रोजचं अंतर वीस किलोमीटर, तेही ऑफिसला वेळेवर पोचायचं म्हणून. तुम्हाला मी मुदतवाढ सुचवणार नाही, फार तर नवा हब येईपर्यंतचे पंधरा दिवस काढण्यापुरती.

हब बदलायचा ठरला की पुढचा प्रश्न: नुसता हब की तयार चाक? नुसता हब बदलायचा म्हणजे सगळे स्पोक सोडायचे, नव्या हबवर चाक पुन्हा बांधायचं आणि आऊट काढायचा, म्हणजे चाक सरळ करायचं. हे हाताचं काम आहे आणि ते करणारे कमी होत चाललेत. तुमच्या गावात चाक बांधणारा चांगला माणूस असेल तर हा मार्ग छान. नसेल तर कागदावर स्वस्त दिसणारं काम वाकड्या चाकात संपतं. रिमचीही अवस्था बघा. रिमवर ब्रेक घासणारी सायकल असेल तर रिमच्या बाजूवर पट्टी उभी धरा. मध्ये खळगा पडून पोकळी दिसत असेल तर रिमही संपत आलीये, आणि तिच्यावर चाक बांधण्याची मजुरी वाया घालवू नका. लोखंडी रिमला निपलच्या (स्पोकच्या टोकाच्या बारीक नटाच्या) भोकांपाशी गंजाची पापडी सुटत असेल तर तेच. रिम चांगली, स्पोक न गंजलेले आणि गेल्या वर्षभरात एकही न तुटलेला, असं असेल तर नुसता हब घ्या.

नव्या हबची मापं जुन्याशी जुळायला हवीत: भोकं ३२ की ३६, दोन्ही चेकनटांच्या बाहेरच्या अंगांमधलं अंतर, फ्रीव्हील की कॅसेट, नट की क्विक रिलीज, डिस्क ब्रेक असेल तर तिची सोय. मागच्या चाकाचं ते अंतर गिअरच्या सायकलींत बहुधा १३० किंवा १३५ मिलिमीटर असतं, जुन्यांत १२६ आणि १२० सुद्धा. पोलादी चिमटा पाच मिलिमीटर फाकवून घेता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा मुळीच फाकवू नका. फ्लँजचा व्यास जुन्याएवढाच असेल तर जुने स्पोक चालतात. व्यास बदलला की लांबी बदलते आणि स्पोकचाही खर्च वाढतो. म्हणून हब विकत घेताना जुना बरोबर न्या, फोटो नको.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती विसरली तर फार पंचाईत होते. फ्रीव्हील वाचवायचं असेल तर ते स्पोक सोडण्याच्या आधी काढा. प्रत्येक पायडलनं ते आणखी आवळत गेलेलं असतं. काढायचा पाना व्हाइसमध्ये पकडायचा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं धरून उलटं फिरवायचं, तेव्हा ते सुटतं. स्पोक काढून टाकलेला नुसता हब हातात धरून ते सुटत नाही, मग चांगलं फ्रीव्हील हबबरोबर भंगारात जातं.

तयार चाक घेतलंत तर ते दुकानातून थेट सायकलीवर चढवू नका. मशिनवर बांधलेल्या स्वस्त चाकांचे हब मी उघडतो तेव्हा बऱ्याचदा आत ग्रीसचा नुसता हात फिरवलेला असतो आणि कोन गच्च आवळलेले असतात. नवं चाक आधी उघडून ग्रीस भरून, कोन नीट बसवून, स्पोकचा ताण बघून मग वापरा. ही मजुरी चाकाच्या किमतीतच धरा. हे केलं नाही तर पुढच्या पावसाळ्यानंतर हाच प्रश्न घेऊन पुन्हा बसावं लागेल.

तुमच्या हबमध्ये सुटे छर्रे नसून सीलबंद बेअरिंग निघाली तर हिशोब एकदम सोपा. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, ६००० किंवा ६००१ असा काहीतरी. तो नंबर घेऊन सायकलच्या नाही, बेअरिंगच्या दुकानात जा. ६००० म्हणजे आतून १० मिलिमीटर, बाहेरून २६, जाडी ८. कुठल्याही चांगल्या कंपनीची त्या नंबरची बेअरिंग बसते. नंबरापुढे २आरएस लिहिलेली, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या. बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा; आतल्या रिंगवर हातोडी मारली तर नवी बेअरिंग बसता बसताच खराब होते. या प्रकारात वाटी हा विषयच नाही. बेअरिंग हबमध्ये घट्ट बसते तोवर, आणि फ्लँजला तडा नसेल तोवर, असा हब बदलायचं कारण मला दिसत नाही.

जुन्या घरगुती सायकलींबद्दलही थोडं सांगतो, कारण अशी एखादी सायकल अनेक घरांत उभी असते. अठ्ठावीस इंची काळी सायकल, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. तिचे कोन, छर्रे, एक्सल आजही मिळतात आणि स्वस्त मिळतात, तेव्हा तिचा हब शक्यतो दुरुस्तच करा. आणि आजोबांच्या जुन्या रॅलेला मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आतच तीन गिअर असलेला हब असेल, तर तो गिअर पडत नाही म्हणून भंगारात देऊ नका. १९३६ पासून बनत आलेला हा एडब्ल्यू मॉडेलचा हब फार सोशिक आहे. अनेकांच्या नळकांड्यावर तो कोणत्या वर्षी आणि महिन्यात बनला तेही कोरलेलं असतं. आतलं तेल वाळून गोंद झालेलं असतं, आणि नीट धुऊन, तेल घालून, हबमधून निघणारी गिअरची बारीक साखळी जुळवली की तो पुष्कळदा पुन्हा चालू होतो.

पैशाचा हिशोब करताना परदेशी व्हिडिओंवर जाऊ नका. जर्मनीत किंवा अमेरिकेत दुकानाची तासाची मजुरी एवढी असते, की साध्या चाकाचा हब उघडण्यापेक्षा नवं चाक स्वस्त पडतं. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगेन की पाने विकत घ्या आणि स्वतः करा. इथे मजुरी कमी आणि सुटे भाग मुबलक, त्यामुळे पारडं दुरुस्तीकडे झुकतं. शहरागणिक दर बदलतात, पण दोन्ही बाजूंचे कोन, सगळे छर्रे, ग्रीस आणि नीट केलेलं काम यांचे ४००-५०० रुपये घेतले तर ते रास्त आहेत. तुमचा ३०० चा आकडा मला त्यामुळेच कमी वाटतो. त्यात कोन धरलेले नसणार.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. या आठवड्यातच हब उघडायला लावा आणि समोर उभे राहा. माझा अंदाज आहे की साखळीकडचा कोन खराब निघेल, कारण तिथे पायडलचा ताण जास्त येतो आणि फ्रीव्हील काढल्याशिवाय तिथे नीट ग्रीसही भरता येत नाही. वाट्या पेनानं तपासा. चांगल्या असतील तर दोन्ही कोन, सगळे छर्रे, आणि वाकला असेल तर एक्सल बदला. उजवी वाटी गेली असेल आणि रिम चांगली असेल, तर चाक बांधणारा माणूस शोधा आणि नुसता हब घ्या. वाटी आणि रिम दोन्ही गेल्या असतील तर पहिल्या दुकानदाराचं चाक घ्यायला हरकत नाही, पण २,८०० मध्ये चाक उघडून ग्रीस भरून देणार का, ते आधी विचारून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर दोनेक आठवड्यांनी रिम धरून एकदा हलवून बघा. नवे कोन आणि छर्रे एकमेकांत बसताना जराशी डुगडुग परत येते; ती तेव्हाच काढली तर पाच मिनिटांचं काम, आणि बहुतेक दुकानदार त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. सायकल धुताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं तोंड हबकडे धरू नका. साठलेल्या पाण्यातून चाकं बुडवून जावं लागलंच, तर पावसाळा संपायची वाट न बघता त्याच महिन्यात हब उघडून घ्या.